टिटवीचा सातबारा

एकतीस वर्षं मी बँकेत लोकांचे सातबारे वाचले. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा नंतर, उतारा आधी. गट नंबर, क्षेत्र, आकारणी, खातेदाराचं नाव आणि मग माझ्या कामाचा रकाना, इतर हक्कांचा. त्या रकान्यात विहिरीतला हिस्सा असतो, वहिवाटीची वाट असते, एखाद्या जुन्या कुळाचं नाव असतं आणि बहुतेकदा सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा असतो. बोजा चढवायचा, कर्ज फिटलं की उतरवायचा. हजारो वेळा केलं असेल. त्यातून एक गोष्ट अंगात मुरली. जमीन एकाच्या नावावर असते, पण तिच्या पोटात हक्क पुष्कळ असतात, दोरखंडाच्या पिळासारखे. त्यातला एखादा पीळ सोडवून दुसऱ्याच्या हातात देता येतो, जमीन जागची न हलता.

पोटखराबा मात्र मी कधी वाचला नाही. लागवडीलायक क्षेत्र किती, पीक कोणतं, कर्ज किती बसतं एवढं बघायचं. पोटखराबा वजा करायचा आणि पुढं जायचं. खडक, ओघळ, मुरमाड उतार, नांगर लागत नाही ती जमीन. सरकार तिच्यावर सारा धरत नाही, बँक तिच्यावर पैसा देत नाही. शब्द तरी कसा आहे बघा. पोट, आणि तेही खराब.

आमच्या उताऱ्यावरही तो आहे. अप्पा गेल्यावर वारसनोंद झाली आणि माझं नाव चुलतभावाच्या, म्हणजे तात्याच्या नावाखाली लागलं. उत्तर सोलापूर तालुक्यात, बार्शी रोडवरून आत, दोघांत मिळून साडेनऊ एकर. त्यातला एक हेक्टर तीस आर पोटखराब. आम्ही त्याला नुसतं 'माळ' म्हणतो. वर मुरूम, खाली मांजऱ्या खडक, कडेला तरवड आणि दोन-चार बोरी. पावसाळा सरला की कुसळी गवत गुडघ्याएवढं होतं आणि कार्तिकात वाऱ्यावर सोनेरी लोळतं. मार्चनंतर तिथं बघण्यासारखं काही नसतं, असं मी पन्नास वर्षं समजत होते. खालच्या काळ्या रानात तात्या मालदांडी पेरतो, तूर घेतो. माळावर शेजाऱ्यांची मेंढरं येतात आणि जातात.

हे सगळं आठवायचं कारण अगदी भलतीकडचं आहे. मागच्या जूनमध्ये मी लेकीकडं होते, अमेरिकेत, बोस्टनच्या उत्तरेला. एका रविवारी तिनं इप्सविच नावाच्या गावी समुद्रावर नेलं. क्रेन बीच. सोलापूरच्या माणसाला समुद्राचं अप्रूप किती असतं ते कोकणातल्याला कळणार नाही. आमच्याकडं पाणी म्हणजे टँकर. त्यामुळं मी वाळूत चप्पल काढून लहान मुलासारखी पाण्याकडं निघाले आणि सुतळीला अडखळले.

खरोखरच सुतळी. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, लांबपर्यंत खुंट्या रोवलेल्या आणि त्यांना सुतळी बांधलेली, मध्ये मध्ये पाट्या. आपल्याकडं लग्नात मांडवाबाहेर गाड्या लावायला बांधतात तशी. एक लहान मूलही ओलांडून जाईल. पलीकडं काय आहे म्हणून बघितलं तर काहीच नाही. वाळू, शिंपल्यांचा चुरा, वाळकं गवत. एवढ्या श्रीमंत देशात एवढ्या महागड्या किनाऱ्यावर एवढी मोठी जागा काहीच नसण्यासाठी अडवून ठेवलेली! बँकेतली बाई ना मी. मनात चौरस फुटाचा हिशेब सुरू झाला.

तिथं एक आजी टोपी घालून, तिकाटण्यावर दुर्बीण लावून बसल्या होत्या. स्वयंसेवक. त्यांनी मला दुर्बिणीशी बोलावलं. बराच वेळ वाळूच दिसली, मग वाळूचाच एक तुकडा धावला. मुठीएवढा पक्षी, अंगाचा रंग कोरड्या वाळूचा, पाय नारिंगी, गळ्यात काळा पट्टा. पळतो, गपकन थांबतो, पुन्हा पळतो. मी लेकीला म्हटलं, "अगं, हा तर आपल्या हिप्परग्याच्या तळ्यावरचा कंठेरी चिखल्या!" तो नव्हता, पण त्याचा भाऊबंद होता. पायपिंग प्लोव्हर. चिखल्ये, प्लोव्हर आणि आपली टिटवी ही सगळी एकाच कुळातली मंडळी, हे मला नंतर कळलं. कुळाची खूणही एकच. घरटं म्हणून काही बांधायचं नाही. जमिनीवर पायानं उकरून वाटीएवढा खळगा करायचा, त्यात बहुधा चार अंडी घालायची, आणि अंडी अशी की पायाखाली येईपर्यंत दिसू नयेत.

आजींनी समजावलं त्यातली एक गोष्ट मला फार लागली. ही पिल्लं अंड्यातून निघाली की काही तासांत पळायला लागतात. आईबाप चारा भरवत नाहीत, पिल्लांनी आपलं आपण टिपायचं. त्यांचं खाणं असतं खाली पाण्याच्या रेषेवर, ओल्या वाळूत, आणि आडोसा असतो वर गवतात. दिवसभर वरून खाली, खालून वर अशी कापसाच्या बोंडाएवढ्या जिवाची वारी चाललेली असते. मध्ये आपण चादर पसरून बसलो (आणि आम्ही पसरली होती, सोलापुरीच, लेकीला मीच दिलेली) तर पिल्लू अडतं. उपाशी राहतं. त्याला कोणी मारलेलं नसतं, कुणाला कळतही नाही. १९८६ मध्ये तिकडच्या सरकारनं या पक्ष्याला धोक्यात आलेल्यांच्या यादीत घातलं, तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये दीडशे जोड्यादेखील उरल्या नव्हत्या. आता हजाराच्या वर आहेत. बहुतेक काम या सुतळीनं, पाट्यांनी आणि दुर्बीण लावून बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी केलं. टिटवीदेखील समुद्र आटविते ही म्हण अप्पा कायम माझ्या परीक्षांच्या वेळी सांगायचे. त्या गोष्टीतल्या टिटवीची अंडीही समुद्राकाठीच होती, हे मला पंचावन्न वर्षांनी समुद्राकाठी बसून आठवलं.

मग मी माझा प्रश्न विचारला. वाळू कुणाची?

मला वाटलं होतं सरकारची. ती निघाली एका ट्रस्टची. आपल्याकडं ट्रस्ट म्हटलं की आधी देऊळ आठवतं आणि मग धर्मादाय आयुक्तांकडचं भांडण. तिथला हा ट्रस्ट जमिनी राखतो. १८९१ सालचा आहे. चार्ल्स एलियट नावाच्या तरुण उद्यान-रचनाकाराची कल्पना साधी होती. सार्वजनिक वाचनालय लोकांसाठी पुस्तकं सांभाळतं, संग्रहालय चित्रं सांभाळतं, तसं एखाद्या संस्थेनं लोकांसाठी जमिनी का सांभाळू नयेत? वस्तू देणगी घेतो तशी टेकडी, रान, किनारा देणगी घ्यायचा आणि जपायचा. हा किनारा क्रेन कुटुंबानं १९४० च्या दशकात असाच देऊन टाकला. त्यांचा पैसा नळ, पाइप आणि न्हाणीघराच्या सामानाच्या धंद्यातला. नळ विकून मिळालेला पैसा समुद्राच्या कामी आला म्हणायचा. आज तसे लहान-मोठे शेकडो ट्रस्ट त्या देशात आहेत, कुठं दोन गावांपुरते, कुठं एका खाडीपुरते. खाजण, वाळूच्या टेकड्या, नदीचं मुख, बेटं असं एकेक तुकडा जोडत जातात.

पण विकत घेणं किंवा दान मिळणं हा त्यांच्या कामाचा निम्माच भाग. दुसरा भाग ऐकला आणि मी त्या किनाऱ्यावर जवळजवळ ओरडलेच.

एखाद्या शेतकऱ्याची खाडीला लागून जमीन आहे. त्याला ती विकायची नाही, कसायची आहे, मुलांना द्यायची आहे. ट्रस्ट त्याला म्हणतो, जमीन तुझीच राहू दे. तिच्यावर इमारती बांधण्याचा, तिचे प्लॉट पाडण्याचा जो हक्क तुझ्याकडं आहे तेवढा आम्हाला दे. विकत दे नाहीतर दान दे. आम्ही तो वापरणार नाही, नुसता धरून बसू. तसा दस्त होतो, नोंदणी होते, आणि पुढं जमीन कुणीही घेतली तरी तो दस्त त्याच्यावर बंधनकारक. मूल्यांकन करणारा येतो, हक्कासकट जमिनीची किंमत काढतो, हक्कावाचून काढतो, आणि मधला फरक ही त्या दानाची किंमत. मालकाला तेवढ्यावर आयकरात सवलत मिळते.

म्हणजे इतर हक्कात नोंद! मी जन्मभर जे केलं तेच. फरक एवढाच की हा बोजा कधी उतरत नाही, आणि कर्ज देणाऱ्याचं नाव वाचायचं तिथं एका पक्ष्याचं वाचायचं.

बँकेच्या बाईला आवडेल अशी आणखी एक गोष्ट त्यात होती. दस्त झाला की काम संपत नाही. त्या दिवशी जमीन कशी होती याचे फोटो, नकाशे काढून ठेवतात, आणि मग दरवर्षी ट्रस्टचा माणूस ती फाइल घेऊन बांधाबांधानं फिरतो. कुणी शेड टाकली का, भराव घातला का, कुंपण सरकवलं का. कोर्टात जावं लागलं तर त्यासाठी वेगळा पैसा बाजूला काढलेला असतो. आमच्यातही कर्ज दिल्यावर जागेवर जाऊन पाहणी करायचा नियम होता. अहवाल बहुतेक वेळा टेबलावर बसूनच लिहिला जायचा, मीही लिहिलेत. 'पीक समाधानकारक.'

त्याच भागात खाऱ्या गवताचं मोठं खाजण आहे, ग्रेट मार्श म्हणतात, वीस हजार एकरांच्या वर. परतताना गाडी त्याच्या कडेनं गेली आणि मला क्षणभर आमच्याकडच्या नान्नजचा माळच वाटला. तेच लोळणारं गवत, तेच उघडं आभाळ, फक्त खाली पाणी. पूर्वी लोकांनी तिथलं गवत कापून गुरांना घातलं आणि पाणी निघून जावं म्हणून चर खणले. पुढं १९३० च्या दशकात डासांसाठी आणखी खणले. चरांनी खाजण सुकलं, आतून खचायला लागलं. आता काही ठिकाणी ट्रस्टची माणसं काय करतात, तर तिथलंच गवत कापून त्या चरांत अंथरतात. भरतीच्या पाण्याबरोबर गाळ येतो, गवतात अडकतो, आणि काही वर्षांत चर आपोआप भरत येतो. जखमेत कापूस ठेवावा तसं. समुद्र वर चढतोय तसं खाजणही हळूहळू जमिनीकडं सरकू बघतं, पण मागं रस्ता, भिंत, कुणाचं तरी परसदार आलं की ते बुडूनच जाणार. म्हणून हे लोक खाजणापेक्षा खाजणाच्या मागच्या जमिनीच्या शोधात असतात. ज्या गवताला अजून पन्नास वर्षांनी सरकायचंय त्याच्यासाठी आज जागा धरून ठेवायची. एस.टी.त रुमाल टाकून ठेवतो तशी.

त्या चरांवरून मला माझी एक लाज आठवली. एका पावसाळ्यात आमच्या शाखेनं गावाबाहेरच्या माळावर वृक्षारोपण केलं होतं. बॅनर, टोप्या, नारळ. समतल चर खणलेले होतेच, त्यांच्या कडेनं आम्ही दोनशे ग्लिरिसिडिया लावली, फोटो काढले आणि शेंगाचटणी-कडक भाकरी खाऊन परत आलो. पडीक माळ हिरवा केला, या आनंदात. माळावर जगणाऱ्या जिवांना झाड म्हणजे काय असतं हे कुणाला ठाऊक होतं? चंडोल, पखुर्डी, धाविक, काळवीट, या सगळ्यांचा जीव दूरवर दिसण्यावर अवलंबून. उघड्या रानात शत्रू लांबून दिसतो. तिथं रांगेनं झाडं उभी केली की कावळ्याला, शिकऱ्याला बसायला मचाण मिळतं आणि खालच्या अंड्यांचा हिशेब संपतो. त्यातली बरीच झाडं पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. आज मला त्याचं बरं वाटतं, हे कुणाला सांगायची सोय नाही.

परत आल्यावर मी पहिल्यांदा नान्नजला पाहुण्यासारखी गेले. शहरापासून वीस किलोमीटरवर, द्राक्षांचं गाव म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत. इथल्या माळावर माळढोक आहे हे जगापुढं आणलं ते सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींनी, १९७२ मध्ये, म्हणजे ऐन दुष्काळात. लोक पाणी शोधत होते तेव्हा हा माणूस पक्षी शोधत होता. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो, मीटरभर उंच. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. एकच. टिटवीसारखी चाराची सोय नाही. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, आणि नकाशा केवढा? ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात आले. आपला अख्खा सोलापूर जिल्हा पंधरा हजारांच्या आत आहे, त्यावरून अंदाज करा. त्यात वनखात्याची जमीन किती असणार? बाकी सगळी लोकांची शेतं, वस्त्या, गावं.

माझ्या टेबलासमोर बसलेले लोक त्या काळात माळढोकाला ज्या शिव्या द्यायचे त्या इथं लिहिता येणार नाहीत. कुणाची विक्री अडली, कुणाची बिगरशेती अडली, कुणाला रस्ता मिळेना. "बाई, ते पाखरू मी जन्मात बघितलं न्हाई, आन् माझ्या उताऱ्यावर येऊन बसलंय." एका म्हाताऱ्याचं हे वाक्य माझ्या अजून कानात आहे. तेव्हा मी हसले होते. आता कळतं, त्या म्हाताऱ्यानं सगळा कायदा एका ओळीत सांगितला होता. कर्ज न देता चढवलेला बोजा होता तो. पैसा नाही, विचारणं नाही, सही नाही, आणि बोजा मात्र कायमचा. पुढं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर उजनीचं पाणी आलं होतं, ऊस आणि द्राक्षं आली होती, विजेच्या तारा आल्या होत्या. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, जड अंगानं तो तारांवर आदळतो. आता आपल्याकडं एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

तरी मी अभयारण्याला वाईट म्हणणार नाही. नान्नजचं गवत आज उभं आहे ते त्याच्याचमुळं. मी गेले त्या सकाळी वीस-बावीस काळविटांचा कळप होता, आणि वाटाड्यानं ओल्या मातीत लांडग्याचा पंजा दाखवला. सरकारनं राखलं तेवढं तरी उरलं. पण माळ तेवढाच नाही ना. आमचा एक हेक्टर तीस आर, शेजाऱ्याचे दोन एकर, पलीकडचं गायरान, असे पोटखराब्याचे तुकडे जोडत गेलं तर तो खरा माळ. आणि तो कुठल्याही नकाशावर नाही. त्याचा रंग पडीक.

आपला किनारा तरी काय वेगळा? आमचा समुद्र म्हणजे उजनी. हिवाळ्यानंतर पाणी मागं हटतं, करमाळ्याच्या बाजूला गाळ उघडा पडतो आणि रोहित पक्षी चिखलात माना उलट्या घालून उभे राहतात. त्याच गाळावर गाळपेराची काकडी-कलिंगडंही होतात. पाणी उतरेल तसतसं माणूस आणि पक्षी दोघंही एकाच पट्ट्यात खाली सरकतात. तिथं सुतळी कुणी बांधायची? कोकणात वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्रनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची घरटी राखली. ज्यांच्या दारात घरटं त्यांनाच राखणीला घेतलं म्हणून ते टिकलं. राखण हा शब्द मला संवर्धनापेक्षा आवडतो. रान राखायचं, कुरण राखायचं, दिवाळीपर्यंत गवताला विळा लावायचा नाही. आपल्याकडं शब्द होता. रकाना नव्हता.

तो रकाना मिळतो का म्हणून मी खटपट केली. हसू नका, निवृत्त माणसाला वेळ असतो. आधी एका ओळखीच्या वकिलांकडं बसले. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे, त्यात दुसऱ्याच्या जमिनीवर हक्क मिळतो, पण हक्क घेणाऱ्याची स्वतःची जमीन असावी लागते जिच्या उपभोगासाठी तो हक्क आहे. वाट, पाणी, उजेड या गोष्टी त्यात बसतात. टिटवीच्या नावावर शेजारचा गट नाही, तिथंच खटला संपला. तिकडंही जुन्या कायद्यात ही अडचण होती, म्हणून १९८१ मध्ये त्यांनी राज्यांसाठी नमुना कायदाच करून घेतला. बरं, एखादा ट्रस्ट काढून तात्याचा हिस्सा विकतच घ्यावा? महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. ट्रस्ट म्हटला की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आली. कुळकायद्याचं कलम ६३, बँकेत पाठ होतं. आणि करसवलतीचं आमिष म्हणावं तर शेतीच्या उत्पन्नावर मुळात आयकरच नाही, सवलत कशातून देणार? वन्यजीव कायद्यात २००३ पासून समुदाय राखीव क्षेत्राची सोय आहे, खाजगी जमीनही मालकानं आपणहून दिली तर त्यात घेता येते. पण तो सव्वातीन एकरांचा खेळ नाही, त्याला गाव लागतं. आणि आमच्या गावात अभयारण्य हा शब्द काढला तर पंगतीला कुणी पान वाढणार नाही.

शेवटी तलाठी कार्यालयात गेले. भाऊसाहेब तरुण, नम्र, लॅपटॉपवरून मान वर न करता बोलणारे. मी विचारलं, "इतर हक्कात अशी नोंद घेता येईल का, की या क्षेत्रावर काही करायचं नाही?"

त्यांनी मान वर केली. "काही करायचं नाही म्हणजे? कशाला मनाई? कोर्टाची का?"

"नाही. आमचीच. मालकांची."

"मॅडम, बोजा चढवायला बँकेचं पत्र लागतं. तुम्हाला तर माहीत असेल." मग जरा थांबून म्हणाले, "काही न करण्याचा फेरफार आजवर कुणी मागितला नाही."

हे सगळं मी तात्याला सांगितलं तेव्हा तो अंगणात हरभरा पाखडत होता. सुतळीचं सांगितलं तेव्हा तर तो सूप खाली ठेवून हसला. "अक्का, तिकडं वाळूला सुतळी बांधत्यात, आन् तू इकडं उताऱ्याला बांधाया निघालीस." मग गंभीर झाला. सोलारवाल्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. त्यांना खालचं काळं रान नको, माळच हवा. वर्षाला एकरी भाडं, लांबचा करार. गंमत बघा, ज्या जमिनीला आमच्या सात पिढ्यांत कुणी दमडी दिली नाही तिला आता दर आला, आणि तोही तिच्यावर काही उगवत नाही म्हणून. तात्याच्या धाकट्याची इंजिनिअरिंगची फी आहे. मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? विजेलाही मी विरोध कशी करू, माझ्या घरावर दोन पत्रे आहेत सोलारचे.

पण बँकेची सवय जात नाही. मी घरी येऊन हिशेब केला. तात्याच्या हिश्श्याच्या माळाचं जेवढं भाडं त्याला मिळणार तेवढं माझ्या पेन्शनीतून देता येईल, अगदी सगळं नाही, पण बरंच. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हटलं, "तात्या, ते भाडं मी देते. तू फक्त करार करू नको. माळ माळ राहू दे."

पलीकडं बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "भावाला भाडं देतीस व्हय अक्का?" आणि फोन ठेवला.

तो दुखावला होता, आणि त्याचं बरोबर होतं. त्या आजींच्या देशात मालकाला दस्ताचा मोबदला देणं ही इज्जतीची गोष्ट आहे. आमच्या घरात भावाला पैसे मोजणं म्हणजे वाटणी मागण्यासारखं. मी कलमांचा अभ्यास केला, मूल्यांकनाचा केला, तात्याचा करायचा राहिला. गड्ड्याच्या जत्रेला तो आला नाही. संक्रांतीचा तिळगूळ त्याच्या सुनेच्या हातून आला. चार महिने आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो, खताच्या पावत्या आणि वीजबिल एवढंच.

मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, दुपारी दोनला त्याचा फोन आला. एवढ्या उन्हात तो कधी माळावर जात नाही.

"अक्का, मोजणीवाला आला हुता कंपनीचा. फक्की मारत मारत वरच्या अंगाला गेला, आन् टिटवीनं डोक्यावर कालवा केला त्याच्या. बघितलं तर अंडी."

"मग?"

"मग काय. म्हणलं, महिन्यानं ये."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, साहेबांना काय सांगू? म्हणलं, सांग, कूळ लागलंय." तो हसला. मीही हसले, चार महिन्यांनी. "चार हायेत. भोवतीनं दगडं मांडलीत, मेंढरं फिरकू नयेत म्हणून. सुतळी न्हाई बांधली हां."

अप्पा असते तर त्यांनी जे विचारलं असतं तेच माझ्या तोंडून निघालं, कारण टिटवी कुठं अंडी घालते त्यावरून आमच्याकडं पावसाचा अंदाज बांधतात.

"खोलगट जागी घातलीत का उंचावर?"

"उंचावर," तात्या म्हणाला. "पार वर, खडकापाशी. पोटखराब्यात."